वर्गाच्या प्रकल्पासाठी फुकटचं व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर: निवडायचं कसं आणि काम तडीला न्यायचं कसं

गेल्या वर्षी एका रविवारी रात्री साडेअकराला माझी भाची बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आली. डोळे भरलेले. आठवीतल्या पाच जणांनी मिळून बडोदा संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर चार मिनिटांचा व्हिडिओ केला होता. मांडवीला पहाटे जाऊन चित्रीकरण केलेलं, आजोबांच्या आवाजात निवेदन घेतलेलं, सगळं जुळवून झालेलं. शेवटी फाइल तयार केली, तर चित्राच्या मधोमध सॉफ्टवेअर कंपनीचं नाव आडवं उमटलेलं. ते नाव काढायचं तर पैसे भरा. सोमवारी सकाळी पहिल्या तासाला व्हिडिओ दाखवायचा होता.

त्या रात्री आम्ही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं पुन्हा जुळवलं. अडीच वाजले. मी रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओत बरीच वर्षं लग्नांचे व्हिडिओ जुळवायचं काम केलंय, म्हणून जमलं. पण पाच मुलांची तीन आठवड्यांची मेहनत अशी शेवटच्या बटणावर अडावी याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांचं चुकलं एवढंच, की सॉफ्टवेअर त्यांनी शेवटपर्यंत तपासलं नव्हतं. कापाकापी करून बघितली, रंगीत अक्षरं टाकून बघितली, पण तयार फाइल एकदाही काढून बघितली नाही.

यंदा तिच्या धाकट्या भावाचा प्रकल्प आहे, आणि वाड्यातली अजून दोन-तीन मुलं मागे लागली आहेत. त्यांना तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

सॉफ्टवेअरच्या आधी वही

डाउनलोड करायच्या आधी चार गोष्टी वहीत लिहून काढा. यात वीस मिनिटं जातात आणि पुढचे दोन आठवडे वाचतात.

पहिली, व्हिडिओ कुठे दाखवायचा आहे. वर्गातल्या प्रोजेक्टरवर, शिक्षकांच्या फोनवर की यूट्यूबवर? शिक्षकांना फाइल पेन ड्राइव्हवर हवी की लिंक? किती मिनिटांची मर्यादा? हे विचारायला मुलं लाजतात. विचारायला लावा.

दुसरी, काम कोणत्या मशिनवर होणार. विंडोजच्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिथून अबाउट उघडलं की रॅम किती ते दिसतं. ४ जीबी, ८ जीबी की १६ जीबी, हा आकडा लिहा. हार्ड डिस्कवर किती जागा मोकळी आहे तेही लिहा. फोनवर १०८० पीमध्ये घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १०० ते १५० एमबी होतो. चार मिनिटांच्या प्रकल्पासाठी मुलं सहज पाऊण तासाचं चित्रीकरण करून आणतात, म्हणजे पाच-सहा जीबी तिथेच गेले. निदान २० जीबी मोकळी जागा असावी.

तिसरी, मशिन कोणाचं. घरचं असेल तर प्रश्न नाही. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नवीन सॉफ्टवेअर बसवायची परवानगी बहुधा नसते, आणि मग निवड तिथेच बदलते.

चौथी, पडद्यावर अक्षरं कोणत्या लिपीत येणार. आमच्याकडे बडोद्यात हा प्रश्न दुहेरी आहे. घरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. भाचीच्या व्हिडिओत निवेदन मराठीत होतं, खालची अक्षरं गुजरातीत आणि शीर्षक दोन्हीत. परदेशात बनलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये नेमकं इथेच घोडं पेंड खातं. त्याबद्दल पुढे नीट लिहिलं आहे.

‘फुकट’चे प्रकार

फुकट हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावलेला असतो.

पहिला प्रकार म्हणजे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट ही यातली नावं. यांचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. वॉटरमार्क (म्हणजे चित्रावर उमटणारं कंपनीचं नाव) नाही, मुदत नाही, खातं उघडायची गरज नाही.

दुसरा प्रकार म्हणजे विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची कायमची फुकट आवृत्ती. डाविंची रिझॉल्व्ह हे सगळ्यात मोठं उदाहरण. त्यातल्या काही सोयी विकतच्या आवृत्तीसाठी राखलेल्या आहेत, पण जे मिळतं ते कायमचं मिळतं आणि वॉटरमार्क येत नाही. मायक्रोसॉफ्टचं क्लिपचॅम्प याच प्रकारातलं. फुकटात १०८० पीपर्यंतची फाइल वॉटरमार्कशिवाय मिळते. मात्र त्याच्या संग्रहातली काही चित्रं, गाणी, नक्षीकाम हिऱ्याच्या खुणेचं असतं, ती पैसे भरणाऱ्यांसाठी. मुलं नेमकं तेच उचलतात आणि फाइल काढताना पैशांची मागणी येते. संग्रहातलं काही घ्यायचं असेल तर आधी खूण बघायची सवय लावा.

तिसरा प्रकार म्हणजे ट्रायल, वापरून बघण्यापुरतं. यात सगळं चालतं, फक्त शेवटच्या फाइलवर वॉटरमार्क उमटतो किंवा ठरावीक दिवसांनी कुलूप लागतं. फिल्मोराची फुकट आवृत्ती अशी आहे. फोनवरच्या काइनमास्टरमध्येही पैसे न भरता वॉटरमार्क येतो. ही सॉफ्टवेअर वाईट नाहीत, शाळेच्या प्रकल्पाच्या कामाची नाहीत एवढंच.

विंडोज मूव्ही मेकरचं नाव अजूनही पालकांच्या तोंडी असतं, कारण आपण सगळे त्यावरच शिकलो. मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी त्याचा आधार बंद केला आणि अधिकृत डाउनलोडही काढून टाकला. आज त्या नावाने कुठे काही मिळालं तर ते मूळचं नाही असं समजून लांब राहा.

कॅपकटबद्दल मुलं हमखास विचारतात, कारण रील्स बघून त्यांना ते ठाऊक असतं. भारतात त्यावर बंदी आहे. कोणीतरी ग्रुपवर टाकलेली एपीके (म्हणजे ॲप बसवायची) फाइल फोनमध्ये घालून ते चालवायचा खटाटोप करू नका. ती फाइल कोणी कुठून आणली आणि तिच्यात काय घातलं आहे, कळायला मार्ग नसतो, आणि त्याच फोनवर घरचं यूपीआय असतं.

कोणत्या मशिनला काय

आता वहीतला रॅमचा आकडा समोर घ्या.

घरी मॅक किंवा आयफोन असेल तर शोध थांबवा. आयमूव्ही फुकट आहे, वॉटरमार्क नाही, आणि शाळेच्या कामाला पुरून उरतं.

विंडोज ११ असेल आणि इंटरनेट बरं असेल तर स्टार्ट मेनूमध्ये क्लिपचॅम्प शोधा. २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून ते विंडोज ११ सोबतच येतं. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, तर ते आईवडिलांनी स्वतः उघडून द्यावं. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलाला याच्याइतकं सोपं दुसरं नाही.

८ जीबी रॅमचा सर्वसाधारण लॅपटॉप असेल, विंडोज १० असो की ११, तर माझी पसंती शॉटकटला. हे ६४ बिटच्या विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर चालतं. शॉटकट बनवणाऱ्यांनीच दिलेला हिशोब असा: साध्या दर्जाच्या व्हिडिओला ४ जीबी रॅम, एचडीला ८ जीबी आणि फोर केला १६ जीबी. हा हिशोब इतर सॉफ्टवेअरलाही ढोबळमानाने लावता येतो. शॉटकट मला आवडतं त्याचं अजून एक कारण आहे. विंडोजसाठी त्याची पोर्टेबल झिप मिळते. ती पेन ड्राइव्हवर उघडून ठेवली की इन्स्टॉल न करता चालते. शाळेच्या लॅबमध्ये जिथे काही बसवता येत नाही तिथे हा मार्ग उपयोगी पडतो. लॅबच्या सरांना आधी विचारून घ्या मात्र.

केडेनलाइव्ह थोडं मोठं आहे, पट्ट्या आणि सोयी जास्त. दहावी-अकरावीच्या, हौस असलेल्या मुलाला ते द्या. ओपनशॉट उघडल्यावर सर्वांत कमी घाबरवतं. चित्र ओढलं, खाली ठेवलं, झालं. फोटोंचा सरकता व्हिडिओ एवढंच काम असेल तर ते पुरे.

रॅम ४ जीबी असेल तर सॉफ्टवेअर बदलत बसू नका, व्हिडिओ हलका करा. फोन ७२० पीवर ठेवून चित्रीकरण करा. वर्गातल्या प्रोजेक्टरवर ७२० पी आणि १०८० पी यातला फरक मागच्या बाकावरून कोणाला दिसणार नाही. अडखळत चालणाऱ्या लॅपटॉपवर फोर के जुळवणाऱ्या मुलाचा धीर मात्र नक्की सुटतो.

डाविंची रिझॉल्व्हच्या मागे मुलं हट्टाने लागतात, कारण सिनेमावाले ते वापरतात असं त्यांनी ऐकलेलं असतं, आणि ते खरंही आहे. रंग सुधारण्यात त्याचा हात धरणारं फुकटात दुसरं नाही. पण त्याला १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. ते असेल आणि हाताशी महिना असेल तर जरूर शिका. दोन आठवड्यांत चार मिनिटांचा प्रकल्प द्यायचा असेल तर नको.

कॉम्प्युटरच नसेल तर? फोनवर चांगलं काम होतं, संकोच करू नका. गूगलचं यूट्यूब क्रिएट हे अँड्रॉइडवरचं ॲप २०२३ मध्ये आलं, आणि पहिल्या टप्प्यात ज्या मोजक्या देशांना मिळालं त्यात भारत होता. ते फुकट आहे आणि वॉटरमार्क टाकत नाही.

डाउनलोड नेहमी मूळ संकेतस्थळावरूनच करा: शॉटकट डॉट ऑर्ग, केडेनलाइव्ह डॉट ऑर्ग, ओपनशॉट डॉट ऑर्ग. गूगलवर शोधल्यावर सगळ्यात वर जे जाहिरातीचे निकाल येतात, त्यावर मुलांना क्लिक करू देऊ नका.

तीस सेकंदांची चाचणी

माझ्या सगळ्या सांगण्यातला हा गाभा आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ही चाचणी मात्र टाळू नका.

फोनवर घरातलं काहीही तीस सेकंद चित्रित करा. आजी भाजी निवडतेय, चालेल. ज्या फोनवर प्रकल्पाचं चित्रीकरण होणार तोच फोन हवा. क्लिप कॉम्प्युटरवर घ्या, निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मधला एक तुकडा कापून टाका. वरती मराठीत एक ओळ लिहा. खाली एक गाणं लावा आणि त्याचा आवाज कमी करा. मग फाइल काढा. ती पेन ड्राइव्हवर घालून शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर लावून बघा, जमलं तर शाळेच्याच कॉम्प्युटरवर.

अर्ध्या तासात सगळं कळतं. वॉटरमार्क येतो का, अक्षरं फुटतात का, आवाज ओठांबरोबर आहे का, लॅपटॉप दम टाकतो का, फाइल दुसरीकडे उघडते का. कुठे अडलं तर गेले तीसच सेकंद. मग दुसरं सॉफ्टवेअर घ्या आणि त्याच क्लिपवर तीच चाचणी करा.

आयफोनवरची क्लिप जुन्या विंडोजवर उघडत नसेल तर दोष सॉफ्टवेअरचा नसतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा आणि त्यात फॉरमॅट्स उघडून ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा, आणि नव्याने चित्रीकरण करा. हे पहिल्या दिवशीच कळलेलं बरं, कारण आधी घेतलेल्या क्लिपा त्याने बदलत नाहीत.

अक्षरं: इथे घाई नको

चाचणीत लिहायला मी मुलांना एक ओळ देते: ‘विद्यार्थ्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथांचं श्रद्धेने चित्रीकरण केलं.’ या ओळीत रफार आहे, दुसऱ्यामधला अर्धचंद्री र आहे, द्य, श्र, त्र आहेत, ऱ्हस्व वेलांटी आहे. ‘चित्रीकरण’मधली पहिली वेलांटी च च्या अलीकडे दिसली पाहिजे. ती पलीकडे गेली, किंवा ‘द्या’चे द् आणि या असे दोन तुकडे झाले, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जोडता येत नाही. पडद्यावर दहा फुटांच्या अक्षरांत ‘विद् यार्थी’ उमटलेलं बघवत नाही, आणि असा व्हिडिओ देणं म्हणजे आपल्या भाषेची आबाळ करणं आहे असं मी मानते.

आधी फाँट बदलून बघा. मुक्ता आणि बलू हे ‘एक टाइप’ या आपल्या इथल्याच गटाने केलेले फाँट फुकट आहेत, मुक्त परवान्याचे आहेत आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात. गूगलचा नोटो सान्स देवनागरीही भरवशाचा. गुजरातीसाठी मुक्ता वाणी घ्या. तो मुक्ताच्याच घराण्यातला, त्यामुळे दोन लिप्या शेजारी ठेवल्या तरी बहिणींसारख्या दिसतात. छापखान्यातून आणलेला श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर इथे चालत नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, नसल्याने भलतीच चिन्हं उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा.

फाँट बदलूनही अक्षरं फुटत असतील तर सॉफ्टवेअर सोडायची गरज नाही. शीर्षक चित्र म्हणून बनवा. पॉवरपॉइंट किंवा फुकटच्या लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये १६:९ आकाराची स्लाइड घ्या, त्यावर मराठी लिहा, स्लाइड पीएनजी म्हणून साठवा आणि फोटोसारखी व्हिडिओत लावा. चालत्या चित्रावर नुसती अक्षरं हवी असतील तर पॉवरपॉइंटमध्ये मजकुराच्या चौकटीवर उजवी क्लिक करून ती चित्र म्हणून पीएनजीत साठवा, मागची बाजू पारदर्शक राहते. सॉफ्टवेअर कुठलंही असो, चित्रातली वेलांटी जागची हलत नाही. भाचीची गुजराती अक्षरं त्या रात्री आम्ही अशीच लावली.

चित्रीकरणाआधी लेखन

निवेदन आधी लिहून काढा. मुलांचं शांत, स्पष्ट वाचन मी घड्याळ लावून मोजलं आहे. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे चार मिनिटांना साडेचारशे शब्द पुरे, मध्ये चित्रांना श्वास घ्यायला जागा सोडली तर चारशेच. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे वाक्य आणि उजवीकडे त्यावेळी काय दिसणार ते लिहा.

भाचीच्या गटाच्या वहीत असं होतं. ‘१८९३ साली महाराजांनी अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं.’ समोर: जुना नकाशा. ‘१९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू झालं.’ समोर: शाळा सुटतानाचं दृश्य. ‘१९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयांची व्यवस्था उभारली.’ समोर: सेंट्रल लायब्ररी. उजवी बाजू रिकामी राहिलेलं वाक्य दिसलं की तिथे काय चित्रित करायचं ते घरीच ठरतं, आणि मांडवीच्या गर्दीत उभं राहून विचार करावा लागत नाही. वाचनालय, संग्रहालय अशा ठिकाणी चित्रीकरणाची परवानगी आधी विचारा. शाळेचं पत्र बरोबर असेल तर काम सोपं होतं.

फोन आडवा धरा. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद हलवल्याविना घ्या. आपल्याला चार सेकंदच लागतात, पण पुढे-मागे कापायला जागा हवी.

आवाज वेगळा घ्या. रस्त्यावरचं निवेदन रिक्षांच्या भोंग्यांत बुडतं. गाद्या-उशा असलेली खोली, पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला. गाद्या आवाजाचा घुमारा पितात. प्रत्येक परिच्छेद वेगळ्या फाइलमध्ये घ्या, म्हणजे चुकलं तर तेवढाच परत वाचता येतो. चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, न समजणारा आवाज घेत नाहीत. स्टुडिओत असताना याच कारणासाठी लोक परत आलेले मी पाहिले आहेत.

शॉटकटमध्ये जुळवणी

इतर सॉफ्टवेअरमध्येही क्रम हाच, बटणांच्या जागा तेवढ्या बदलतात.

सगळ्यात आधी एक फोल्डर करा. त्यात चित्रं, क्लिपा, आवाज, अक्षरांचे पीएनजी, सगळं आणून ठेवा, आणि मग त्याच फोल्डरमध्ये प्रोजेक्ट सुरू करा. सॉफ्टवेअर क्लिपा स्वतःच्या पोटात घेत नाही, त्या कुठे आहेत एवढंच लक्षात ठेवतं. अर्ध्या क्लिपा पेन ड्राइव्हवर आणि अर्ध्या डेस्कटॉपवर असतील तर दुसऱ्या दिवशी निम्मा व्हिडिओ गायब होतो. मुलं घाबरतात, पण क्लिप जागेवर परत ठेवली की तो येतो.

क्लिप आत घेताना शॉटकट कधीकधी विचारतं की ही एडिटिंगला सोयीची करून घेऊ का. हो म्हणा. फोन दर सेकंदाला नेमकी तेवढीच चित्रं घेत नाही, प्रकाशाप्रमाणे कमी-जास्त करतो. लांब क्लिपमध्ये त्याने आवाज ओठांच्या मागेपुढे सरकतो. रूपांतराला वेळ आणि जागा लागते, पण नंतरचा त्रास वाचतो.

आधी आवाजाची पट्टी लावा. नवखी मुलं आधी चित्रं लावतात आणि मग निवेदन त्यात कोंबतात. उलट करा. निवेदनाचे तुकडे क्रमाने लावून डोळे मिटून ऐका. ऐकताना गोष्ट कळली तर अर्धं काम झालं. मग वहीच्या उजव्या बाजूप्रमाणे एकेक दृश्य वर ठेवत जा. जिथे कापायचं तिथे खूण नेऊन एस दाबा, क्लिपचे दोन भाग होतात. नको तो भाग निवडून एक्स दाबला की तो जातो आणि पुढचं सगळं सरकून जागा भरून निघते.

लॅपटॉप अडखळायला लागला तर सेटिंग्जमधून प्रीव्ह्यू स्केलिंग ३६० पी करा. तरी भागलं नाही तर त्याच मेनूत प्रॉक्सी चालू करा. शॉटकट प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल करून काम तिच्यावर करतं, अखेरची फाइल मात्र मूळ क्लिपांतूनच निघते. जुन्या लॅपटॉपसाठी हे वरदान आहे.

एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना फिरणारे, उडणारे, फुटणारे परिणाम नकोत. साधा काप ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी काळोखातून येणं-जाणं. पुरे.

संगीत निवेदनाच्या खूप खाली हवं. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर आजीला प्रत्येक शब्द कळला पाहिजे, ही माझी कसोटी. गाणं सिनेमातलं घेऊ नका. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट वापरायची गाणी आहेत, आणि काहींसाठी शेवटी श्रेय द्यावं लागतं, ते द्या. चित्रांचंही तसंच. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला आहे, ती वापरता येतात. कोणाच्या ब्लॉगवरचा कालचा फोटो उचलता येत नाही.

फाइल काढणं आणि पोहोचवणं

सेव्ह आणि एक्स्पोर्ट यातला फरक मुलांकडून वदवून घ्या. सेव्ह केल्यावर मिळते ती एमएलटी फाइल, म्हणजे नुसती जुळवणीची नोंद. ती काही केबींची असते. पेन ड्राइव्हवर तीच घेऊन शाळेत गेलेला मुलगा मी पाहिला आहे. शिक्षकांना द्यायचा व्हिडिओ एक्स्पोर्टमधून निघतो. तिथे डीफॉल्ट निवडलं की एमपी४ मिळते, आणि ती जवळपास सगळीकडे चालते.

आकाराचा अंदाज असा करा. १०८० पीला ८ मेगाबिटचा वेग म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६० एमबी. चार मिनिटांना २४० एमबी. तुमची फाइल दीड जीबीची झाली असेल तर कुठलीतरी सेटिंग चढी आहे.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि खालची अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. गूगल ड्राइव्हवर ठेवलात तर शेअरिंग ‘लिंक असलेले कोणीही’ असं करा आणि दुसऱ्याच्या फोनवर ती लिंक उघडून खात्री करा. शिक्षकांना सकाळी साडेसातला परवानगी मागणारा पडदा दिसायला नको.

तयार फाइल पूर्ण चार मिनिटं बघा, पहिली दहा सेकंद बघून उठू नका. गटातल्या एकाने अक्षरांकडे लक्ष द्यावं, एकाने आवाजाकडे, एकाने नावांकडे. भाचीच्या व्हिडिओत शेवटच्या श्रेयनामावलीत आजोबांचं नावच राहिलं होतं. पहाटे सव्वादोनला ते लक्षात आलं, म्हणून फाइल पुन्हा काढली.

प्रकल्पाचं फोल्डर निकाल लागेपर्यंत पुसू नका. शिक्षक एखादी तारीख दुरुस्त करायला सांगतात, आणि फोल्डर असेल तर ते पाच मिनिटांचं काम असतं. देण्याच्या आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह शाळेत नेऊन त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर, त्याच स्पीकरवर एकदा लावून बघा, आणि फाइल तिथल्या डेस्कटॉपवर उतरवूनच ठेवा.